पाड्याची पेटी

रंजिताला कुणी फसवू शकत नाही, असं डोळखांबच्या आजूबाजूच्या पाड्यांवर मानलं जायचं, आणि सगळ्यांत जास्त ते रंजिताच मानायची. वीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. मूल हातात घेतलं की काट्याआधी वजन सांगायची. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय झाकणाला हात लावायची नाही. गेल्या वर्षी शहापूरच्या महिला मेळाव्यात तिनं माइक हातात घेऊन मोबाइलवरच्या चोऱ्यांबद्दल चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. "आपल्या फोनवर आलेला ओटीपीचा नंबर जो दुसऱ्याला सांगतो, त्याच्यापेक्षा माझ्या अंगणवाडीतलं पोर शहाणं," असं ती म्हणाली तेव्हा मंडपात हशा पिकला होता. पाड्यावरच्या सहाजणी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, त्याही हसल्या होत्या.

आता पाड्यावरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं की पाड्यावरची निम्मीशिम्मी घरं मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात ती थेट वैशाखात परततात. कोंबड्या शेजारणीकडे, म्हातारी माणसं घरी, आणि दाराला कडी. राहता राहिले कागद. भट्टीवरच्या खोपटात ठेवले तर वाळवी, बंद घरात ठेवले तर उंदीर, आणि मुकादमाकडे दिले तर परत मागताना त्याचे पाय धरायचे. म्हणून जाताना कागदांची पिशवी विश्वासाच्या माणसाकडे टाकून जायची, अशी जुनी पद्धत. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, पोरांची जन्मनोंद, वनहक्काच्या दाव्याची पावती. पूर्वी या पिशव्या पाड्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे असत. गेली दहा-बारा वर्षं त्या रंजिताकडे यायला लागल्या होत्या.

रंजिता पाड्यावरची नव्हे, खालच्या गावातली, बौद्धवाड्यातली. पण कागदाची किंमत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी पन्नास सालच्या आधीचा पुरावा हवा होता, आणि तो शोधत तिच्या वडिलांनी शहापूर, मुरबाड, ठाणे अशा तीन वर्षं खेपा घातल्या होत्या. शेवटी एका शाळेच्या फाटक्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं, तेव्हा तो एरवी कधी न रडणारा माणूस शाळेच्या पायरीवर बसून रडला होता. कागद नसला की माणूस असून नसल्यात जमा, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले.

चार वर्षांपूर्वी रंजिताच्याच घरी एका पिशवीत उंदीर शिरला आणि कुणाच्या तरी जन्मनोंदीचा चुरा करून गेला. त्या वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग तिच्या मुलीनं, अक्षदानं, रस्ता दाखवला. अक्षदा कल्याणला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिनं आईला शिकवलं की कागदाचा फोटो काढायचा आणि तो फोनमध्ये न ठेवता ऑनलाइन साठवणीत टाकायचा, म्हणजे फोन हरवला तरी कागद शाबूत. रंजितानं तिथं एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'पाड्याची पेटी', आणि पेटीत एकेचाळीस घरांचे एकेचाळीस कप्पे केले. प्रत्येक कप्प्यावर घरधन्याचं नाव आणि फोन नंबर. खरे कागद ज्याचे त्याला परत दिले.

आणि ती पेटी खरोखर उपयोगाला आली. भट्टीवरून फोन यायचा, "बाई, दवाखान्यात आधार मागतात," की बाईनं फोटो धाडलाच. "पेटीत हाय ना? मंग झाला," असं पाड्यावर माणसं एकमेकांना सांगायची. त्या पेटीचा रंजिताला मनातून फार अभिमान होता. तो तिनं कुणाला बोलून दाखवला नाही, पण लपलाही नव्हता.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ही पेटी तिनं आपल्या हातानं चोराला उघडून दिली.

झालं असं. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. अंगणवाडी सुटल्यावर रंजिता खिंडीतून खाली घरी येते. त्या खिंडीत ऐनाच्या झाडाखाली पाच-पन्नास पावलांच्या टप्प्यात रेंज मिळते, पुढे उतरणीला ती जाते ती थेट गावापर्यंत. त्यामुळे सकाळपासूनचे सगळे निरोप खिंडीतच एकदम येऊन पडतात. त्या दिवशी चार वाजता ती तिथं पोचली आणि फोन थरथरायला लागला. त्यात एक मेल होता. 'प्रिय ग्राहक, तुमची साठवण जागा पूर्ण भरली आहे. आठ तासांत पडताळणी न केल्यास तुमचे सर्व फोटो व कागदपत्रे कायमची पुसली जातील.' मेल आला होता सकाळी नऊला, ती पाड्यावर पोचल्यावर. म्हणजे हातात उरला एक तास, आणि गावात पोचायलाच पाऊण तास लागतो. बॅटरी अकरा टक्के.

जागा भरत आलीय, हे तर खरंच होतं. महिनाभर फोन तिला तसं सांगत होता आणि ती आज-उद्या करत होती. त्यामुळे मेल वाचल्याबरोबर तिला चोराची नाही, स्वतःच्या आळसाची आठवण झाली. डोळ्यांपुढे आला तो उंदरानं केलेला चुरा, आणि तोही एकेचाळीस घरांचा. तिनं तिथंच दगडावर बूड टेकलं, खालचं निळं बटण दाबलं. नेहमीसारखंच पान उघडलं. मेलचा पत्ता टाका, पासवर्ड टाका. तिनं टाकला. मग फोननं विचारलं, नव्या ठिकाणाहून कुणी तुमचं खातं उघडतंय, ते तुम्हीच का? रंजितानं घाईघाईनं 'होय' दाबलं. 'धन्यवाद, तुमची कागदपत्रे सुरक्षित आहेत,' अशी ओळ आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. वेळेवर पाहिलं म्हणून बरं, असं स्वतःशी म्हणत ती खिंड उतरली.

भाषणात तिनं सांगितलं होतं की फोनवर आलेला नंबर कुणाला देऊ नका. तिनं कुठं नंबर दिला होता? कुणी विचारलाच नव्हता. चोरानं फक्त दरवाजा बदलला होता.

शुक्रवारी सकाळी भट्टीवरून कुणी रेशनकार्डाचा फोटो मागितला. रंजिता पेटी उघडायला गेली तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. मग फोननं सांगितलं, हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. तिनं कालचा मेल काढून नीट पाहिला. आता निवांत वेळ होता, आता सगळं दिसलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचं नाव नव्हतंच, कुठल्या तरी अक्षरांचा गुंता होता. चार वर्षं जी कंपनी तिला नावानं हाक मारत होती, ती एकाएकी 'प्रिय ग्राहक' कशी म्हणायला लागली, हेही कालच दिसायला हवं होतं.

तिचा नवरा आदेश धरणावर नोकरीला, भातसानगरला. तो पाळीवरून आला, जेवला, आणि म्हणाला, "आज गप्प का?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय." लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि डोकं दुखण्याचं निमित्त तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. त्यालाही ते खरं वाटलं, याची तिला आणखीच लाज वाटली.

शनिवारी तिनं अक्षदाला फोन लावला. आईनं मुलीशी बोलताना घालू नये असा मुखवटा घातला आणि म्हणाली, "माझी एक मैत्रीण आहे ना, तिचं असं असं झालं."

अक्षदानं सगळं ऐकून घेतलं. "आई, हे नेहमीचं आहे. जागा भरली, खातं बंद होणार, फोटो पुसणार. घाई लावली की समजायचं काहीतरी गडबड आहे. मेलमधलं बटण दाबायचंच नाही. आपण आपलं ॲप उघडायचं आणि खरंच जागा भरलीय का ते तिथं बघायचं. एवढंच."

"एवढंच," रंजिता म्हणाली.

"पण तिनं 'होय' पण दाबलं? इतकी कशी गं बावळट तुझी मैत्रीण?"

रंजिता ओट्यावरचं पुसून झालेलं ताट पुन्हा पुसायला लागली.

"काय काय होतं तिच्या खात्यात?"

"लोकांचे कागद. फोन नंबर."

अक्षदाचा आवाज बदलला. "मग तिला सांग, आजच्या आज त्या सगळ्या लोकांना कळव म्हणावं. चोर आता त्यांना फोन करणार. त्यांचीच माहिती त्यांना वाचून दाखवणार, म्हणजे विश्वास बसतो. आजच सांग हं."

"सांगते," असं म्हणून रंजितानं फोन ठेवला. सांगणार कुणाला? मैत्रीण घरातच बसली होती आणि तिचं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. तिनं भट्टीवरच्या नवशाचा नंबर दोनदा काढला. नवशा म्हणजे तिकडे गेलेल्यांतला सगळ्यांत वडील माणूस, भट्टीवर सगळ्यांचे निरोप त्याच्याच फोनवर जायचे. दोन्ही वेळा तिनं मनात वाक्य जुळवलं आणि दोन्ही वेळा त्या वाक्याच्या शेवटी मंडपातला हशा ऐकू आला. सोमवारी बघू, असं तिनं ठरवलं. चोरांना पाड्यावरच्या गरिबांकडून काय मिळणार, असंही तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फसवायला लागला की बाहेरच्या चोराची गरजच उरत नाही.

रविवारी तालुक्याच्या मॅडमचा फोन आला. जानेवारीतल्या मेळाव्यात मोबाइल फसवणुकीवर पुन्हा बोलाल ना, गेल्या वर्षी तुम्ही फार छान बोललात. रंजिता 'हो' म्हणाली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सोमवार पोरांच्या वजनाचा. सगळ्या आया पोरं तोलून, खाऊची पाकिटं घेऊन गेल्या, तरी लक्ष्मी दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहिली. लक्ष्मीचा नवरा सोमा भट्टीवर गेला होता. ती ओली बाळंतीण म्हणून मागे राहिली होती. पाड्यावरच्या सुनांत तीच काय ती दहावीपर्यंत शिकलेली, आणि मेळाव्यात पुढच्या रांगेत बसलेल्या सहाजणींतली एक.

"काय गो, बाळाचं वजन चांगलं आहे की. अजून का बसलीस?"

लक्ष्मी खाली बघत म्हणाली, "बाई, रागावू नका."

"आधी सांग तरी."

"काल मी सोमाला फोन लावायला खिंडीत गेलेली. तवा एक फोन आला. मानूस मराठीत बोलत होता. तुमच्या कागदांची जागा भरली, कागद पुसले जातील, वाचवायचे तर आलेला नंबर सांगा म्हनला." तिनं पदरानं बाळाचं तोंड उगाच पुसलं. "मी सांगितला बाई. बाळंतपणाचे तीन हजार आलेले ना, ते गेले."

तो अर्ज रंजितानंच भरला होता. तीन वेळा परत आला, तीन वेळा भरला होता. आणि मग रंजितानं जे केलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवलं की अंगावर काटा यायचा. वीस वर्षांची सवय तोंडात तयारच होती. ती कडाडली.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला? शहापूरला पुढं बसली होतीस ना? शिकलेली ना तू? मग नंबर देताना अक्कल कुठं गेली होती?"

लक्ष्मी रडली नाही. मान खाली घालून ऐकत राहिली, जणू हे आपल्याला मिळायलाच हवं होतं. सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "खरा हाय तुमचा. पन त्यानं पेटीचा नाव घेतला बाई. पाड्याची पेटी म्हनला. आमचा रेशनकार्डाचा नंबर बोलून दावला. मला वाटला, तुमचाच मानूस. चोराला पेटी कशी ठाऊक?"

अंगणवाडीत कुणी नव्हतं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. लक्ष्मी उत्तराची वाटही बघत नव्हती, ती आपली स्वतःलाच विचारत होती. रंजितानं नुसतं गप्प राहायचं होतं. 'असतात गं हे चोर हुशार, पुढच्या वेळी जप,' एवढं म्हटलं असतं तरी लक्ष्मी पाया पडून गेली असती. सगळा दोष बाळासारखा पदरात घेऊन गेली असती. ते वाक्य रंजिताच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"सोमाला काय सांगू बाई?" लक्ष्मीनं विचारलं. "तो भट्टीवर विटा थापतो नि मी हिकडं पैसे वाटते."

रंजिता तिच्यासमोर फरशीवर बसली. एरवी ती पालकांशी बोलताना खुर्चीवर असायची.

"लक्ष्मी, पेटी माझ्याकडून गेली."

लक्ष्मीला कळलं नाही.

"मलाही तसाच निरोप आला होता, जागा भरली म्हणून. मी पासवर्ड टाकला. 'होय' दाबलं. चोरानं पेटी माझ्याकडूनच नेली. तुझा नंबर, तुमचं रेशनकार्ड, सगळं मीच दिलं त्याला. तू नाही फसलीस. मी फसले, आणि त्याची भरपाई तू केलीस."

खुर्चीवरून बोलायची सवय असलेल्या बाईला जमिनीवरून बोलणं किती जड जातं ते तिला त्या दिवशी कळलं.

लक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, निदान अजून तरी नव्हता. ती काहीतरी जुळवत होती.

"कवा कळला तुमाला?"

"शुक्रवारी."

"मला फोन रविवारी आला," लक्ष्मी म्हणाली. बाळाचं टोपरं सारखं करत ती पुढे म्हणाली, "शुक्रवारी सांगितला असता, तर मी नसता दिला नंबर."

चोरानं फसवलं त्याची लाज तिनं चार दिवस वाहिली होती, पण ती लाज आता काहीच वाटेना. खरी लाज या दोन दिवसांची होती. ते दोन दिवस तिनं स्वतःचं नाव राखायला वापरले होते, आणि त्याची किंमत दोन महिन्यांच्या बाळाच्या आईनं दिली होती.

"चल, उठ. डोळखांबला जाऊ. बँक उघडी आहे."

खिंडीत रेंज आली तशी तिनं आधी अक्षदाला फोन लावला. "ती मैत्रीण मीच," एवढंच म्हणाली. मग अक्षदा म्हणाली, "आई, आधी एकोणीसशे तीसला, सायबर हेल्पलाइनला, फोन कर. तक्रार नोंदव. मग बँकेत जा. पेटीच्या खात्याचं मी इथून बघते. आणि मी तेव्हा काय म्हणाले ते मनावर घेऊ नकोस." रंजिता म्हणाली, "खरंच होतं ते." लक्ष्मी बाळाला खांद्यावर घेऊन शेजारी उभी होती, तिनं ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

जीपनं त्या डोळखांबला पोचल्या. एकोणीसशे तीसवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घेतला. बँकेतल्या माणसानं लक्ष्मीचं खातं थांबवलं आणि पैसे परत मिळतील की नाही ते सांगता येत नाही म्हणाला. आणखी चाळीस घरं उरली होती. दुपार झाली होती, भट्टीवर जेवणाची सुट्टी असणार. एसटीच्या थांब्यावरच्या बाकाशी उभं राहून रंजितानं नवशाला फोन लावला. लक्ष्मीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"नवशादादा, मी रंजिता. तिकडं सगळ्यांना सांगा. सध्या फसवणूक करणारे फार फिरतायत. जागा भरली, कागद पुसले जातील असा कुणाचा फोन आला तर कुठलाही नंबर सांगू नका."

"हां हां बाई, ठाऊक हाय आमाला," नवशा घास चावत म्हणाला. "तुमी तवाच सांगितलेला. आमी काय येडे हाव नंबर द्यायला? ठेवू मंग? विटा वाळाया टाकायच्या हायेत."

फोन बंद झाला. रंजिता जरा हलकी झाली. झालं एकदाचं, सांगितलं, असं तिला वाटलं. पुढचा नंबर काढायला लागली तेव्हा लक्ष्मी म्हणाली, "बाई, तुमी भाषण केलात."

"मग काय करू?"

"तुमी मला नुसता असा सांगितला असता, तर मी पन असाच बोलली असती. आमी काय येडे हाव म्हनून. नंबर देऊन बसलेली असती तरी." ती बाळाच्या पाठीवर हळूहळू थोपटत होती. "तुमी मेळाव्यात बोलल्यात ना, पोराहून बी येडा. मंग तुमाला कोन सांगेल? मी तीनदा अंगनवाडीच्या दारातून परत गेली आज. तुमचा काय झाला ते सांगा त्यांना."

एका लक्ष्मीला सांगणं निराळं होतं. भट्टीवर पंचवीस-तीस माणसं होती, तिच्या अंगणवाडीत वाढलेली पोरं आता मोठी होऊन तिथं विटा वाहत होती. पण आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि फिरायचंही नव्हतं. तिनं पुन्हा नवशाला फोन लावला.

"नवशादादा, फोन ठेवू नका. आवाज मोठा करा नि मध्ये ठेवा. सगळ्यांनी ऐकायचंय."

तिकडे भांडी सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी गप्प बसवलं.

"मी रंजिता बोलते. आपली पेटी चोरीला गेली. मी फसले. जागा भरली असा खोटा निरोप आला, मी घाबरले, आणि माझा पासवर्ड मीच त्यांना दिला. तुमचे आधार, रेशनकार्ड, फोन नंबर सगळं त्यांच्याकडं आहे. ते माझं नाव सांगतील, पेटीचं नाव सांगतील, तुमच्या रेशनकार्डाचा नंबर बोलून दाखवतील. ते मी पाठवलेले नाहीत. मी कधीच कुणाकडून तुम्हाला नंबर विचारणार नाही." मग तिनं राहिलेलंही बोलून टाकलं. "हे मला शुक्रवारी कळलं. लाजेखातर मी तुम्हाला सांगितलं नाही. भाषण करणारी मी, मग कुठल्या तोंडानं सांगू, असं वाटलं. तेवढ्यात आपल्यातल्या एकीचे पैसे गेले. ते माझ्यामुळं गेले."

फोनमधून लांबच्या एखाद्या ट्रकचा आवाज येत होता. थांब्यावर उभी असलेली दोन माणसं रंजिताकडे बघत होती, तेही तिला दिसत होतं.

"तुमी, बाई?" शेवटी नवशानं विचारलं.

"हो. मीच."

मग मागून कुणाचा तरी आवाज जवळ आला. "बाई, मी सोमा."

लक्ष्मीचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला.

"बोल सोमा."

"मला शनवारी फोन आलेला. पेटी पुसतेय म्हनला, नि मी दिला नंबर. आठवड्याची मजुरी खात्यात आलेली, ती गेली." तो थांबला. "कोनाला बोललो नाय. लक्ष्मीला तेवढा सांगू नका. ती शिकलेली हाय, मला हसंल."

रंजितानं लक्ष्मीकडे पाहिलं. काय करावं तिला सुचेना, म्हणून तिनं फोन नुसता लक्ष्मीपुढे धरला. लक्ष्मीनं तो लगेच घेतला नाही. तिनं आधी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मग फोनजवळ तोंड नेलं.

"मी नाय हसत," ती म्हणाली. "मी पन दिला."

मग भट्टीवरून एका बाईचा आवाज आला, नवशाच्या सुनेचा असावा, "बाई, माझा पन ऐकून घ्या." रंजिता बाकावर बसली आणि ऐकू लागली.